आर. ई. एम. आणि 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या एका अल्बमबद्दल मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याच्याशी बोलत आले आहे. त्यामुळे प्रश्नही येत राहतात, आणि बरेचसे तेच तेच असतात. ते इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत एकत्र ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. हा अल्बम कोणाचा, कधीचा? अगदी पहिल्यापासून सांगा.

आर. ई. एम. हा अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात १९८० साली जमलेला चौघांचा बँड. मायकेल स्टाइप गायचा, पीटर बक गिटार वाजवायचा, माइक मिल्सकडे बेस आणि बिल बेरीकडे ड्रम्स. पहिला कार्यक्रम ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला झाला. पहिला अल्बम १९८३ चा. 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' हा आठवा. तो ऑक्टोबर १९९२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने काढला. त्यात बारा रचना आहेत, त्यातली एक नुसती वाद्यांची. सगळं मिळून सुमारे ४९ मिनिटं. निर्मिती बँडची आणि स्कॉट लिटची. लिट १९८७ पासून त्यांच्याबरोबर होता.

२. बँडचं नाव कसं उच्चारायचं? आणि त्याचा अर्थ?

तीन अक्षरं सुटी: आर, ई, एम. झोपेत स्वप्नं पडतात तेव्हा बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात, त्या अवस्थेच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं. स्टाइपने शब्दकोश उघडला आणि हे सापडलं, एवढीच त्यामागची गोष्ट.

३. याला 'प्रौढ', 'उत्तरकाळातला' अल्बम म्हणतात. पण तेव्हा ते जेमतेम पस्तिशीचे होते ना?

हो. १९९२ मध्ये स्टाइप ३२ वर्षांचा होता आणि सगळ्यात मोठा बक पस्तिशीत. शिवाय बँड पुढे २०११ पर्यंत चालला, म्हणजे कारकिर्दीच्या हिशेबाने हा अल्बम मध्यावरचा. तरीही 'प्रौढ' हा शब्द मला योग्य वाटतो.

रॉक संगीताचा जन्मच तारुण्यातला. घर सोडून पळणं, प्रेम, राग, रात्रभरचा रस्ता हे त्याचे विषय. स्वतः आर. ई. एम. दहा वर्षं जवळजवळ सतत गाडीत होते: आज या गावात, उद्या त्या. १९८९ चा लांबलचक दौरा संपला, ते घरी थांबले, आणि थांबल्यावर माणसाला जे दिसतं ते त्यांना दिसू लागलं. आईवडील थकले आहेत. आजीआजोबा जात आहेत. सोबतचे काही मित्र साथीत गेले. अमेरिकेत एड्सने तरुण माणसं नेण्याचा तो काळ होता. आपलं स्वतःचं तारुण्यही आता आठवणीच्या बाजूला गेलं आहे.

आपल्याकडे तिशीच्या सुरुवातीला घरातली जबाबदारी हळूच आपल्याकडे सरकते. एक दिवस वडील बँकेचं पासबुक आपल्या हातात देतात, काही बोलत नाहीत. त्या क्षणाचं वय या अल्बमला आहे. म्हातारपणाचं नव्हे, म्हातारपण समोर दिसू लागतं तेव्हाचं. वयाने म्हणाल तर तरुण माणसांनीच तो केला आहे आणि तेच त्याचं बळ आहे, कारण निरोप घ्यायचा कसा हे त्यांना माहीत नव्हतं. ते गाता गाता शोधत होते, आणि तो शोध ऐकू येतो.

४. सुरुवात कोणत्या गाण्यापासून करू?

पहिल्यापासून, क्रमाने, एका बैठकीत. सुट्या गाण्यांच्या यादीत हा अल्बम निम्मा हरवतो. तबकडीच्या दोन बाजूंना त्यांनी ए आणि बी म्हटलं नाही. एकीला 'ड्राइव्ह' नाव दिलं, दुसरीला 'राइड'. पहिली बाजू अंधारात उतरत जाते आणि 'स्वीटनेस फॉलोज'वर थांबते. दुसरी 'माँटी गॉट अ रॉ डील'ने सुरू होऊन शेवटच्या तीन गाण्यांत उजेडाकडे येते: 'मॅन ऑन द मून', 'नाइटस्विमिंग', 'फाइंड द रिव्हर'. एका अल्बमच्या शेवटी लागोपाठ इतकी चांगली तीन गाणी मी दुसरीकडे ऐकलेली नाहीत.

वेळच नसेल तर 'नाइटस्विमिंग' ऐका (प्रश्न १२).

५. शीर्षकाचा अर्थ काय? काही राजकीय घोषणा आहे का?

तसं वाटतं खरं, पण ही एका खाणावळीची पाटी आहे. अथेन्समध्ये वीव्हर डीज नावाची साधी खाणावळ आहे. तळलेली कोंबडी, शिजवलेल्या भाज्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय घरांतलं जेवण. मालक डेक्स्टर वीव्हर ऑर्डर घेतली की 'ऑटोमॅटिक!' म्हणायचा, आपला पोऱ्या 'आलंच!' म्हणतो तसं. त्याचंच घोषवाक्य झालं आणि ते पाटीवर रंगवलं गेलं. बँडचे लोक तिथे जेवायचे. त्यांनी रीतसर परवानगी घेतली आणि मरणाबिरणाचा विचार करणाऱ्या अल्बमला गल्लीतल्या जेवणाच्या जागेचं नाव दिलं. मला हे फार आवडतं. भूक आणि शोक एकाच घरात असतात.

६. कव्हरवर ती काटेरी चांदणी कसली?

मायामीत बिस्केन बुलेव्हार्डवर सिनबाड नावाचं मोटेल होतं, त्याच्या पाटीवरची ती सजावट. जवळच्या क्रायटेरिया स्टुडिओत बँडचं काम चालू होतं. फोटो अँटन कॉर्बाइनचा. शीर्षक ठरण्याआधी अल्बमला 'स्टार' म्हणायचा विचार होता, त्यामुळे ही चांदणी राहिली. करड्या रंगातलं ते कव्हर हातात घेतलं की आत काय असेल याचा अंदाज येतो.

७. रॉक बँड म्हणता, मग मोठ्या आवाजाची गिटार कुठे आहे?

फारशी नाहीच, आणि ते आधी ठरलेलं नव्हतं. उलट 'आउट ऑफ टाइम' (मार्च १९९१) या मँडोलिनच्या, मऊ आवाजाच्या अल्बमनंतर आता जोरकस काहीतरी करू असा बेत होता. त्या वर्षी जूनमध्ये बक, मिल्स आणि बेरी तिघेच तालमीला बसू लागले. स्टाइप तिथे नव्हता. तिघांना आपापल्या वाद्याचा कंटाळा आलेला, म्हणून अदलाबदल सुरू झाली: बकच्या हाती मँडोलिन, मिल्स पियानो किंवा ऑर्गनवर, बेरी बेसवर. ड्रम्सवर कोणी नसलं की संगीत आपोआप संथ होतं. हातात आलं ते असं, आणि ते चांगलं आहे हे ओळखण्याइतके ते शहाणे होते. १९९२ च्या सुरुवातीला या चालींच्या टेप स्टाइपकडे गेल्या आणि तो शब्द लिहायला बसला.

काळ लक्षात घ्या. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा दणदणीत अल्बम आला होता आणि सगळं जग आवाज वाढवत होतं. त्याच वेळी अमेरिकेतला सर्वांत लोकप्रिय बँडांपैकी एक बँड आवाज कमी करत गेला.

ध्वनिमुद्रण एका जागी झालं नाही. अथेन्स, न्यू ऑर्लिन्स, न्यूयॉर्क राज्यातलं बेअर्सव्हिल, मायामी, तंतुवाद्यांसाठी अटलांटा, शेवटची जुळवणी सिअ‍ॅटलमध्ये. कुतूहल म्हणून सांगते: वाद्यांची ती एकमेव रचना न्यू ऑर्लिन्सची, आणि तिचं नावही 'न्यू ऑर्लिन्स इन्स्ट्रुमेंटल नंबर १' इतकंच आहे. दोन जड गाण्यांच्या मध्ये ती श्वास घ्यायला जागा देते.

८. पहिलंच गाणं 'ड्राइव्ह' इतकं उदास, त्याला धड धृपदही नाही. तेच पहिलं सिंगल का?

धाडस म्हणूनच. (सिंगल म्हणजे अल्बममधून सुटं विकायला काढलेलं गाणं.) आधीच्या अल्बममधलं 'लूझिंग माय रिलिजन'सुद्धा लोकप्रिय गाण्यांच्या नेहमीच्या साच्यातलं नव्हतं आणि तरी घराघरांत पोचलं होतं, त्यामुळे आत्मविश्वास होता. 'ड्राइव्ह'मध्ये स्टाइप मुलांना हाक मारतो. त्या हाकेत डेव्हिड एसेक्सच्या १९७३ च्या 'रॉक ऑन' या गाण्याचा उघड प्रतिध्वनी आहे. फरक असा की हाक मारणारा आता स्वतः मुलांमधला राहिलेला नाही. एकट्या गिटारीवर सुरू झालेलं गाणं, मध्ये विजेची गिटार अंगावर येते, मग व्हायोलिनं. लॉस एंजेलिसमध्ये चित्रित झालेला कृष्णधवल व्हिडिओही पाहा: स्टाइप आडवा होऊन गर्दीच्या हातांवरून वाहत जातो आहे. मला दर वेळी त्यात खांद्यांवरून जाणारी शेवटची यात्रा दिसते. हे माझं वाचन, त्यांनी तसं म्हटलेलं नाही.

९. व्हायोलिन-चेलोचं संयोजन कोणाचं?

लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सचं. चारच गाणी त्याची: 'ड्राइव्ह', 'द साइडवाइंडर स्लीप्स टुनाइट', 'एव्हरीबडी हर्ट्स' आणि 'नाइटस्विमिंग'. झेपेलिन म्हटलं की दणदणाट आठवतो, म्हणून लोकांना आश्चर्य वाटतं. पण त्या बँडमधला संयोजनाचा जाणकार तोच होता. इथे त्याने तंतुवाद्यांना कुठेही गायकापुढे जाऊ दिलेलं नाही. 'स्वीटनेस फॉलोज'मधला खर्जातला चेलो मात्र वेगळा, तो नॉक्स चँडलरचा.

१०. 'एव्हरीबडी हर्ट्स' इतकं साधं का आहे? बाकी गाण्यांत स्टाइपचे शब्द कोड्यासारखे असतात.

साधं ठेवलं म्हणून साधं आहे, आणि यासारखं अवघड काम नाही. आर. ई. एम.ची सगळी गाणी चौघांच्या नावावर असतात, पण या गाण्याचं मूळ ड्रमर बिल बेरीचं. गंमत अशी की ड्रमरच्याच गाण्यात बराच वेळ ड्रम्स नाहीत. ताल देतं ते एक जुनं, स्वस्तातलं तालयंत्र. मिल्सने ते वीस डॉलरला घेतलं होतं. माणसाचा हात पडला की ठेक्याला भावना चिकटते. हा टिकटिकता ठेका तसा काही आव आणत नाही, इस्पितळातल्या भिंतीवरच्या घड्याळासारखा चालत राहतो. त्यावर गिटारीचे सुटे सूर सहा-सहाच्या गटात येतात. दादऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला हा झोका लगेच ओळखीचा वाटतो.

शब्द तरुण मुलांसाठी, म्हणून मुद्दाम सरळ. कोडं सोडवायची ताकद ज्याच्यात त्या रात्री नाही, त्याला कोडं घालून उपयोग काय? 'तू एकटा नाहीस, थांब' एवढंच सांगायचं आहे, आणि स्टाइपने आपली सगळी चलाखी बाजूला ठेवून ते सांगितलं. हे गाणं फार वाजून वाजून गुळगुळीत झालं, काहींना भाबडं वाटतं. मी त्या बाजूची नाही. ज्याला ते हवं होतं त्याच्यापर्यंत ते पोचलं. २०१० मध्ये हैतीच्या भूकंपग्रस्तांसाठी ब्रिटनमध्ये अनेक गायकांनी मिळून ते पुन्हा गायलं आणि ते तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं.

११. त्याच्या व्हिडिओत गाड्या का अडकल्या आहेत?

जेक स्कॉटने तो टेक्सासमधल्या सान अँटोनिओच्या महामार्गावर चित्रित केला. वाहतूक तुंबलेली आहे आणि गाडीतल्या प्रत्येकाच्या मनात काय चाललं आहे ते खाली अक्षरांत उमटतं. शेवटी सगळे दारं उघडून उतरतात आणि चालू लागतात. कल्पनेमागे इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या 'साडेआठ' या चित्रपटाची सुरुवात आहे. १९९४ मध्ये याला एमटीव्हीचे चार पुरस्कार मिळाले. मुंबईच्या पुलावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको.

१२. 'नाइटस्विमिंग'मध्ये असं काय आहे की सगळे त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलतात?

आधी काय नाही ते पाहा. गिटार नाही, ड्रम्स नाहीत, धृपद नाही. मिल्सचा पियानो, स्टाइपचा आवाज, जोन्सची तंतुवाद्यं आणि शेवटाकडे डेबोरा वर्कमनने वाजवलेला ओबो. पियानोची चाल गोल फिरते. पुढे जाते असं वाटतं आणि परत तिथेच येते, जशी एखादी आठवण. मिल्सने ती वाजवून दाखवली तेव्हा स्टाइपने आपले शब्द लगेच त्यावर चढवले. मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओतला हा पियानो तोच, ज्यावर १९७० मध्ये डेरेक अँड द डॉमिनोज या बँडच्या 'लेला' या गाण्याचा शेवटचा भाग वाजला होता.

विषय एवढाच: एके काळी मित्रमैत्रिणी रात्री गुपचूप पोहायला जायचे, आता कोणी जात नाही. गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवलेला जुना फोटो दिव्याच्या उजेडात काचेवर उलटा उमटतो, हे त्यातलं एक चित्र. गाडी चालवणाऱ्याला समोरचा रस्ता आणि मागची वर्षं एकाच काचेत दिसतात. बाराशे पानांत न मावणारी गोष्ट त्याने एका वस्तूत बसवली आहे. विहिरीवर, नदीच्या डोहात, घरच्यांना न सांगता पोहलेल्या कोणालाही हे गाणं आपलंच वाटेल. ते पाणी गार होतं हे गाणं सांगत नाही, तरी अंगावर काटा येतो.

१३. 'मॅन ऑन द मून'मधला अँडी कोण? आणि मरणाच्या अल्बममध्ये हे आनंदी गाणं कसं?

अँडी कॉफमन, अमेरिकी विनोदी कलाकार. १९८४ मध्ये ३५ व्या वर्षी कर्करोगाने गेला. त्याचं खरं कुठे संपतं आणि सोंग कुठे सुरू होतं हे कोणालाच कळत नसे. तो एल्व्हिस प्रेस्लीची नक्कल करी, कुस्तीच्या आखाड्यात उतरे. म्हणून तो गेल्यावरही 'हेसुद्धा सोंगच असेल, येईल परत' असं मानणारे लोक होते. गाणं त्या भाबड्या आशेला हसत नाही. माणूस चंद्रावर गेला यावर तुझा विश्वास आहे का, असं विचारत ते त्या आशेबरोबर खेळतं.

म्हणूनच ते इथे शोभतं. गेलेल्या माणसाच्या आठवणी निघाल्या की दहाव्या-बाराव्याला जमलेल्या घरातही एकदम हशा पिकतो ना? तसं आहे हे. स्टाइपला शब्द शेवटपर्यंत सुचत नव्हते. सिअ‍ॅटलमध्ये जुळवणी चालू असताना ते पूर्ण झाले. याच नावाचा कॉफमनवरचा चित्रपट १९९९ मध्ये मिलोश फोरमनने केला, जिम कॅरीला घेऊन, आणि त्याचं संगीतही आर. ई. एम.चंच.

१४. आणि 'माँटी गॉट अ रॉ डील'मधला माँटी?

माँटगोमेरी क्लिफ्ट, हॉलीवूडचा देखणा, बुजरा नट. १९५६ मध्ये मोटार अपघातात चेहऱ्याला मोठी इजा झाली, १९६६ मध्ये तो गेला. खासगी आयुष्य त्याला कायम झाकून ठेवावं लागलं. प्रसिद्धी माणसाचं काय करते हे स्टाइप तेव्हा स्वतः अनुभवत होता (प्रश्न १८), त्यामुळे या सहानुभूतीत ओळख आहे.

१५. 'साइडवाइंडर'च्या धृपदात तो नेमकं काय म्हणतो? मला एकही शब्द लागत नाही.

कोणालाच पहिल्यांदा लागत नाही. तिला उठवायला जाशील तेव्हा मला फोन कर, अशा अर्थाची ओळ आहे. भरभर म्हटल्यामुळे शब्द एकमेकांत मिसळतात. सुरुवातीची तान 'द लायन स्लीप्स टुनाइट'ची आठवण करून देते. बँडने त्याची रीतसर परवानगी घेतली आणि सिंगलच्या मागच्या बाजूला ते मूळ गाणंही स्वतः गाऊन दिलं. मध्येच स्टाइपला हसू फुटतं, तेही तसंच ठेवलं आहे. अल्बमभर कोणीतरी हसायला हवंच होतं.

१६. 'इग्नोरलँड' हे रागाचं गाणं मध्येच का? ते काढून टाकलं असतं तर?

पुष्कळांना तसं वाटतं. हे गाणं रेगन आणि थोरल्या बुश यांच्या बारा वर्षांच्या कारभारावर आहे, आणि अल्बम आला तो नोव्हेंबर १९९२ च्या निवडणुकीच्या तोंडावर. बँडचा राजकारणातला रस वरवरचा नव्हता. 'आउट ऑफ टाइम'च्या सीडीच्या खोक्यावर त्यांनी मतदार नोंदणी सोपी करण्याच्या कायद्यासाठी सही करून पाठवायचा मजकूर छापला होता. तो कायदा १९९३ मध्ये झाला.

मला विचाराल तर चाल म्हणून हे इतरांच्या तोडीचं नाही. बँडनेही ते २००८ च्या दौऱ्यापर्यंत मंचावर वाजवलं नाही. पण काढू नये. शोकात राग येतोच, आणि तो नेहमी सुरेल नसतो.

१७. म्हणजे हा सगळा अल्बम मृत्यूवर आहे का?

निरोपावर आहे असं मी म्हणेन. थेट मरणावर दोन गाणी. 'ट्राय नॉट टु ब्रीद'मध्ये एक वृद्ध व्यक्ती बोलते: मी पुष्कळ पाहिलं, आता मला जाऊ द्या, आणि मी जे पाहिलं ते लक्षात ठेवा. 'स्वीटनेस फॉलोज'मध्ये आईवडिलांना मूठमाती देण्याची तयारी चालू आहे आणि भावंडं एकमेकांपासून दूर गेलेली आहेत. हे गाणं मी कितीही वेळा ऐकलं तरी मला त्यात आमचंच घर दिसतं. आजी गेली तेव्हा बाबा आणि काका ओसरीच्या दोन टोकांना बसले होते, आठ वर्षांचा अबोला घेऊन. तेराव्यानंतर काकांनी बाबांपुढे चहाचा कप सरकवला. त्या कपाला जर चाल असती तर ती ही.

'ड्राइव्ह' आणि 'नाइटस्विमिंग' तारुण्याचा निरोप घेतात, 'माँटी' आणि 'मॅन ऑन द मून' गेलेल्या कलावंतांचा. 'स्टार मी किटन' हे मोडत आलेल्या प्रेमाचं, आवाजांच्या धुक्यात गायलेलं. त्यातले मागचे लांबट सूर माणसाच्या गळ्याचे आहेत.

१८. स्टाइप तेव्हा आजारी होता म्हणतात, खरं का?

नाही. तो आजारी नव्हता. अफवा मात्र खूप पसरली होती. एक तर अल्बमचा विषय असा, त्यात बँडने दौरा केला नाही, स्टाइप बारीक दिसायचा आणि फारशा मुलाखती देत नसे. लोकांनी तुकडे जोडून आपल्याला हवी ती गोष्ट तयार केली. कवितेत मरण आलं की कवी मरायला टेकला असं समजणं चुकीचं आहे. ते कवीच्या कल्पनेवर अन्याय करणारंही आहे. दुसऱ्याच्या अंथरुणाशेजारी बसूनही हे लिहिता येतं.

१९. एवढा गाजलेला अल्बम, मग दौरा का केला नाही?

१९८९ नंतर ते थकले होते (प्रश्न ३), आणि ही गाणी मोठ्या मैदानात वाजवण्याजोगी त्यांना वाटली नसावीत. एक अपवाद: १९ नोव्हेंबर १९९२ रोजी अथेन्समधल्या ४० वॉट क्लब या छोट्या जागेत ग्रीनपीससाठी कार्यक्रम झाला, आणि त्याचं ध्वनिमुद्रण सौरऊर्जेवर केलं गेलं. तो आता ऐकायला मिळतो (प्रश्न २२). पुढचा मोठा दौरा थेट १९९५ चा. त्यात १ मार्चला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये मंचावरच बिल बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो वाचला, बरा झाला, पण १९९७ मध्ये त्याने बँड सोडला आणि शेती करू लागला.

२०. कर्ट कोबेनचा या अल्बमशी काय संबंध?

निर्वाणा बँडचा गायक कोबेन, त्याला आर. ई. एम. फार प्रिय होते. १९९४ च्या सुरुवातीला छापून आलेल्या मुलाखतीत त्याने आपला पुढचा अल्बम याच वळणाचा, शांत आणि अकूस्टिक असेल असं सांगितलं होतं. स्टाइप त्याच्या संपर्कात होता, दोघांनी मिळून काही करावं असं चाललं होतं. एप्रिल १९९४ मध्ये कोबेनने आयुष्य संपवलं तेव्हा त्याच्या प्लेअरवर हा अल्बम होता असं नोंदलं गेलं आहे. त्यावरून काही लोक अल्बमलाच दोष देतात. ते साफ चूक आहे. या गाण्यांतला एक आवाज तर उघडपणे 'थांब' म्हणतो. आर. ई. एम.ने पुढच्या 'मॉन्स्टर' अल्बममध्ये 'लेट मी इन' हे गाणं त्याच्यासाठी केलं.

२१. विक्री, पुरस्कार वगैरे?

ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक, अमेरिकेत दुसरा. सहा सिंगल्स निघाली. अमेरिकेत चार वेळा प्लॅटिनम, म्हणजे ४० लाख प्रती. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीच्या ग्रॅमीचं नामांकन मिळालं. १९९४ च्या त्या समारंभात तो मान 'द बॉडीगार्ड'च्या संगीताला गेला.

२२. कोणती आवृत्ती घ्यावी?

१९९२ ची साधी सीडी मिळाली तर तीच पुरे. २०१७ मध्ये २५ वर्षांनिमित्त मोठी आवृत्ती निघाली, तिच्यात ४० वॉट क्लबचा कार्यक्रम आणि कच्च्या चाली आहेत. चाली कशा घडल्या याचं कुतूहल असेल तर ती घ्या. डॉल्बी अ‍ॅटमॉस या, आवाज चहूबाजूंनी येतो अशा पद्धतीत विक्रीला आलेला हा पहिला अल्बम. चांगल्या हेडफोनवर शांत खोलीत ऐकलंत तर साध्या आवृत्तीतही काही उणं वाटत नाही.

२३. 'फाइंड द रिव्हर'मध्ये भारतीय काही आहे असं ऐकलं. खरं?

शब्दांपुरतं आहे, आणि फार सुंदर आहे. शेवटच्या या गाण्यात नदी समुद्राकडे जाते आणि वाटेत वासांची, वनस्पतींची नावं येतात: आलं, लिंबू, नीळ, कोथिंबिरीची काडी, चहात आणि अत्तरात घालतात ते बर्गमॉट. आणि वेटिव्हर. वेटिव्हर म्हणजे आपला वाळा. तो शब्द तमिळमधून युरोपात गेला. उन्हाळ्यात माठात टाकलेल्या वाळ्याच्या जुडीचा वास ज्याला माहीत आहे, त्याला या ओळी इंग्रजी श्रोत्यापेक्षा जवळच्या आहेत. आयुष्य उतरणीला लागलं की मागे काय उरतं, तर असे वास, एवढंच स्टाइप म्हणतो आणि पुढे जातो.

मागे दोन आवाज ऐका. मिल्स आणि बेरी दोघांनी आपापले सूर एकमेकांचे न ऐकता गायले. एक उंच, आर्त. दुसरा खाली, शांत. ते जुळवलेले नाहीत आणि तरी जुळतात.

२४. आमच्या घरात नुकतंच कोणी गेलं आहे. हा अल्बम ऐकू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुतेक रात्री उशिरा लिहिलेला असतो.

लगेच नको. पहिल्या काही दिवसांत घरात माणसांचे आवाज असू द्या. नंतर, पाहुणे परतल्यावर घर जे शांत होतं, तेव्हा ऐका. तेव्हासुद्धा 'ट्राय नॉट टु ब्रीद' वगळून सुरू करायला हरकत नाही. क्रमाचा माझा आग्रह (प्रश्न ४) तुमच्यासाठी नाही. 'स्वीटनेस फॉलोज' एकट्याने ऐकू नका, भाऊ किंवा बहीण असेल तर शेजारी बसवा. काही बोलायची गरज नाही.

आणि स्वतःलाच जगणं नकोसं झालं असेल तर गाण्याच्या भरवशावर राहू नका. जवळच्या माणसाला उठवा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनाशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. गाणं सकाळी ऐकू. ते कुठे जात नाही.